अपवाद

अकोट्याच्या पुलापासून चौथी इमारत, सहावा मजला.
खाली विश्वामित्री,
आणि थंडीत काठावर ऊन खात पडलेली मगर.
नवीन मुलं पहिला आठवडा तिला बघायला खिडकीशी गर्दी करतात,
मग विसरतात.

आम्ही ओहायोतल्या इस्पितळांची बिलं वाचतो.
म्हणजे वाचायचो.
आता यंत्रणा वाचते,
तिला न कळलेलं तेवढं आमच्याकडे येतं.
त्याला अपवाद म्हणतात.
भिंतीवरच्या पडद्यावर हाताएवढ्या आकड्यांत:
आजचे अपवाद, तीनशे चाळीस.

हसुमतीबेनना डॉक्टरांचं अक्षर दिसत नसे,
ऐकू येत असे.
‘हा सात नाही, एक आहे. हात दुखावलाय त्याचा,
मंगळवारपासून तिरकं लिहितोय.’
आणि एंटर.
प्रत्येक एंटरसरशी यंत्रणा त्यांच्याकडून
एक वळण उसनं घेई,
परत न करण्याच्या बोलीवर.

मला ठाऊक होतं.
तो तक्ता मीच आखला होता.

श्रावणात नवे संचालक आले, पांढऱ्या बुटांत.
केबिनच्या काचा उतरवल्या. म्हणाले,
इथे कुणी साहेब नाही, भाई नाही, बेन नाही.
फक्त नाव. हीच आपली संस्कृती.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.
दुसऱ्या दिवशी ‘हसुमती’ म्हणून पाहिलं,
तर रेशनच्या खिडकीवर आईचं नाव सांगताना व्हावी
तशी जीभ जड झाली.
त्या हसल्या. लीला चिवड्याचा डबा पुढे करत म्हणाल्या,
‘नवऱ्याचं नाव घेतलं नाही कधी,
तुमचं घेऊ होय, निरंजनभाई?’

नवरात्रात, अर्धी टीम सुजलेल्या पायांनी कामावर,
अपवाद नव्वद.
दिवाळीनंतर अकरा.
अकराला केक आला.
सर्वाधिक योगदानाचं प्रशस्तिपत्र हसुमतीबेनना,
सुरीही त्यांच्याच हातात.
अंडं नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं.

मग संचालकांनी मला बाजूला घेतलं,
म्हणजे खिडकीशी, कारण केबिन नव्हती.
तीन नावं हवी होती.
ही तुझ्यासाठी नेतृत्वाची संधी आहे, म्हणाले.

घरी मराठी, गल्लीत गुजराती, पडद्यावर इंग्रजी,
आकडे मात्र मी अजून मराठीतच मोजतो.
तीन मोजायला वेळ लागत नाही.
एक नाव माझंही लिहिता आलं असतं.
फ्लॅटचे हप्ते आठवले.
खरं सांगायचं तर
हप्ते नसते तरी दुसरं काही आठवलं असतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी कीबोर्ड रुमालाने पुसला,
की-की सुटी सुटी करून,
जणू उद्या कुणी पाहुणं येऊन बसणार होतं.
थर्मास पिशवीत घातला.
माझ्या टेबलापाशी थांबल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
‘आवजो, निरंजन,’ म्हणाल्या.

भाई नाही. नियमाप्रमाणे.
असं सपाट मला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

आज सोमवार. पडद्यावर: अपवाद, एक.
कुठल्याशा ओहायोतल्या डॉक्टरची रेघ,
सात असेल किंवा एक,
दोहोंत सहाशे डॉलरचा फरक.
मी कान जवळ नेतो.
एसीचा आवाज येतो फक्त.

यंत्रणा विचारते, कुणाकडे पाठवू?
खाली उघडलेल्या यादीत
सगळ्यात वर अजून तेच नाव आहे,
बेन नसलेलं.